फक्त वाचण्यापुरतं

बानाबाई आत्या सांगत होती आणि अक्षदा टॅबवर लिहून घेत होती. देवगाव रंगारीजवळ मका काढून मोकळ्या झालेल्या रानात मेंढरं बसली होती. पलीकडच्या वावरातली ज्वारी कापून नेलेली होती आणि तिच्या खोडांना हिरवेगार फुटवे आले होते. मेंढरं माना लांबवून तिकडं बघत होती, म्हणून आत्याचं ध्यान बोलण्यापेक्षा मेंढरांकडंच जास्त होतं.

"फुटव्यांचं मी आधीच लिहिलंय, आत्या," अक्षदा म्हणाली आणि जुनी नोंद उघडून तिनं वाचून दाखवली. "ज्वारीच्या खोडव्याला पाणी मिळालं की फुटव्यांवर मेंढरं घालायला हरकत नाही."

आत्यानं गर्रकन वळून पाहिलं. "कोणी सांगितलं असं?"

"आबांनी. चालता चालता सांगत होते."

"मपला भाऊ असं सांगणार नाय. तूच अर्धं ऐकलंस. पाण्याचा काय संबंध? कणीस निसवून भाईर आल्याबिगर मेंढराचं तोंड लागू द्यायचं नाय त्याला. जहर असतंय ते. सारजाबाईची मेंढरं अशीच गेली, माझ्या डोळ्यांदेखत. घास तोंडात हाय तोवर आडवी झाली, पाय झाडायला लागली. लिही, नीट लिही."

अक्षदानं ती ओळ काढून टाकली, आत्याच्या शब्दांत नवी लिहिली आणि जतन करायचं बटण दाबलं. स्क्रीनवर गोल चक्र फिरत राहिलं. मग लाल अक्षरं आली : 'सर्व्हरवर जतन झालं नाही. पुन्हा प्रयत्न करा.'

तिनं पुन्हा प्रयत्न केला. नेटवर्क नसेल म्हणून बांधावर चढून केला, मोबाइलचा हॉटस्पॉट लावून केला. लाल अक्षरं काही हटली नाहीत. पण तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही. असं मधूनमधून व्हायचं. लिहिलेलं टॅबमध्ये तरी होतंच. नेट आलं की जाईल आपोआप, असं म्हणून ती आत्याचं पुढचं बोलणं लिहू लागली.

मेंढरांमागं हिंडणाऱ्या त्या घरात एम.ए. झालेली अक्षदा पहिलीच. मुंजाबा, म्हणजे आबा, तिचे वडील आणि बानाबाई त्यांची थोरली बहीण. शहरातल्या औरंगपुऱ्यात, साड्यांच्या एका मोठ्या दुकानाच्या वर एक संस्था होती. मेंढपाळांना चाऱ्याची, रोगांची, झाडपाल्याची जी माहिती असते ती गोळा करून तिचं पुस्तक काढायचं काम संस्थेनं हाती घेतलं होतं, आणि त्यासाठी अक्षदाला कंत्राटावर ठेवलं होतं. दोन वर्षं ती कळपांमागं फिरली. कन्नडच्या डोंगरात गेली, सिल्लोडकडच्या वाड्यांवर राहिली. ऐकेल ते टॅबवर लिहायची आणि लिहिलेलं संस्थेच्या सर्व्हरवर जायचं. सर्व्हर म्हणजे ऑफिसच्या कोपऱ्यातल्या खोलीत ठेवलेलं एक काळं खोकं. पण जगात कुठूनही लिहिलं तरी त्यात जमा होतं, याचं तिला पहिल्या दिवशी फार अप्रूप वाटलं होतं. त्यात 'मेंढपाळ' नावाचा एक फोल्डर होता. त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ तिची होती.

तो दिवस आणि पुढचा दिवस ती आत्याबरोबरच राहिली. आत्या त्या दिवसांत कधी नव्हे ती खुलली होती. कानांवरून मेंढ्यांची नावं कशी पडतात, कळप वळवायला जिभेचा कोणता आवाज काढायचा, आई मेलेलं कोकरू दुसरीच्या अंगाखाली लावायचं तर आधी त्या मेंढीला कसं फसवायचं, हे सगळं तिनं हातवारे करून सांगितलं. अक्षदा भराभर लिहीत गेली. दर नोंदीखाली तीच लाल अक्षरं येत राहिली.

संध्याकाळी तिनं सत्यमला फोन लावला. सर्व्हर तो सांभाळायचा. तिच्याच वयाचा, हसतमुख. जेवणाच्या सुट्टीत दोघं बरोबर डबा खायचे.

"तिकडं नेटवर्क नसेल गं," सत्यम म्हणाला. "ऑफिसला ये, वायफायवर होऊन जाईल. टेन्शन नको घेऊ."

ती दुसऱ्या सकाळच्या बसनं शहरात आली. ऑफिसच्या वायफायवरही तेच. सत्यमनं पासवर्ड बदलून पाहायला सांगितला. तिनं बदलला. टॅब बंद करून चालू केला. तारीख-वेळ बरोबर आहे का पाहिलं, जागा शिल्लक आहे का पाहिलं. एक गोष्ट तिला चमत्कारिक वाटत होती. जुन्या नोंदी झटक्यात उघडत होत्या. सर्व्हर बोलत होता, फक्त घेत नव्हता.

"जुनं सगळं दिसतंय, सत्यम. मग नवीनच का जात नाही?"

सत्यम आपल्या स्क्रीनकडं बघत होता. "फाइलींची नावं मराठीत आहेत ना तुझ्या? कधीकधी सर्व्हरला चालत नाही मराठी."

"दोन वर्षं चाललं की."

"मधी अपडेट आलंय. नावं इंग्रजीत करून बघ."

ती दिवसभर नावं बदलत बसली. हगवण, लाळ, खुरांची सूज, काळ्या तोंडाची, बुचक्या कानाची. एकेका शब्दाला इंग्रजी अक्षरं लावताना तिला हसू आलं, नंतर कंटाळा आला, आणि दुपार उलटल्यावर 'कोकरू' हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिलेला बघून उगाचच वाईट वाटलं. सगळी नावं बदलून झाल्यावर तिनं बटण दाबलं. लाल अक्षरं.

दुसऱ्या दिवशी सत्यम तिला बघताच खुर्चीवरून उठला, जणू कुठं निघालाच होता. "असं कर, ॲपच काढून टाक आणि परत घे. आत काहीतरी अडकलं असणार."

"आत लिहिलेलं जाईल ना मग?"

तो क्षणभर थांबला. "नाही जात बहुतेक."

अक्षदानं ॲप काढलं, परत घेतलं, नाव आणि पासवर्ड टाकला. फोल्डर उघडला. सर्व्हरवरच्या जुन्या नोंदी एकामागून एक येऊन बसल्या. फुटव्यांची ओळ जुनीच होती, चुकलेली. आणि आत्याजवळ बसून लिहिलेलं काहीच नव्हतं. तिनं खाली-वर करून पाहिलं, शोधून पाहिलं. टॅबमध्ये होतं तेवढंच होतं, आणि तिनं स्वतःच्या बोटानं ते पुसलं होतं.

सत्यमच्या खोलीला कुलूप होतं. म्हणून ती खिडकीपाशी बसणाऱ्या श्रेयाकडं गेली. श्रेया गणपतीनंतर संस्थेत आली होती. कन्नड तालुक्यातल्या मोठ्या शेतकरी घरातली, पुण्यात शिकलेली, इंग्रजी सफाईदार. वागायला चांगली होती.

"तुझं सर्व्हरवर सेव्ह होतंय का गं?"

"होतंय की. का?"

श्रेयाच्या संगणकावर 'मेंढपाळ' फोल्डरच उघडा होता. डावीकडं अक्षदाची नोंद, उजवीकडं श्रेयाचं इंग्रजी. अक्षदा बघत राहिली. मग म्हणाली, "माझ्या नोंदीत एक शब्द टाकून सेव्ह करून दाखव."

श्रेयानं टाकला. क्षणात जतन झालं.

"आता माझ्या नावानं उघडू दे जरा."

श्रेया बाजूला सरकली. अक्षदानं आपलं नाव टाकलं, तीच नोंद उघडली, श्रेयानं टाकलेला शब्द काढला आणि बटण दाबलं. टॅबवर कधी न दिसलेला निरोप संगणकावर स्वच्छ दिसला : 'या फोल्डरमध्ये आपल्याला फक्त वाचण्याची परवानगी आहे.'

खालच्या रस्त्यावर रिक्षावाले एकमेकांवर ओरडत होते.

"अक्षदा," श्रेया हळूच म्हणाली, "सरांनी सांगितलं नाही तुला? मला वाटलं तुला माहीत आहे."

सत्यम जिन्यात भेटला. चहा पिऊन वर येत होता. तिच्या चेहऱ्याकडं बघताच तो जागीच थांबला.

"कधी काढलीस माझी परवानगी?"

"सोमवारी," तो म्हणाला. "सरांनी सांगितलं म्हणून. मी माझ्या मनानं करीन का?"

"मग मला नेटवर्क काय सांगत होतास? पासवर्ड काय, नावं काय?"

"सर म्हणाले, मी सांगतो तिला, तू बोलू नको. मला वाटलं आज सांगतील, उद्या सांगतील. तू रोज येऊन विचारायला लागलीस. मी काय बोलणार होतो?"

"ॲप काढायला का लावलंस? तुला माहीत होतं, आतलं जाणार."

"काहीतरी सांगावं लागत होतं ना, यार," सत्यम म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. त्याच्या बाजूनं ती वर निघून गेली. त्यानंतर तिनं त्याच्याबरोबर डबा खाल्ला नाही.

सुदर्शन सर संस्थेचे प्रमुख. कुणावर आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. त्यांनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला.

"गैरसमज करून घेऊ नकोस," ते म्हणाले. "क्षेत्रातलं काम संपलं, आता संपादन सुरू झालं. मूळ मजकूर कुणी हलवू नये म्हणून कुलूप लावलं, इतकंच."

"श्रेयाला लावलं नाही, सर."

"ती संपादक आहे. पुस्तक दोन्ही भाषांत निघणार आहे, तुला कल्पना आहे. तुझ्यावरचा भार कमी केला म्हण ना."

"दोन वर्षं मी लिहिलंय ते."

"आणि त्याचा संस्थेला अभिमान आहे. आभाराच्या पानावर पहिलं नाव तुझं आहे. या महिन्याअखेरीस तुझं कंत्राट संपतंय, अनुभवाचं पत्र मी स्वतः देईन."

कंत्राटाचं तिला तिथंच कळलं. चहा आला. तिनं कपाला हात लावला नाही.

"सर, एक ओळ चुकलीय. माझ्याच हातून चुकलीय. ज्वारीच्या फुटव्यांची. ती तशी छापली तर कुणाची तरी मेंढरं मरतील. तेवढ्यापुरती परवानगी द्या. तुमच्यासमोर बदलते."

"एकीला दिली की सगळ्यांना द्यावी लागते. श्रेयाला मेल कर," सर म्हणाले, "ती बघेल."

अक्षदानं त्याच दुपारी मेल केला. ओळ कुठली, चूक काय, बरोबर काय, सगळं लिहिलं. श्रेयाचं उत्तर आलं : 'नक्की करते. सॉरी.' महिनाअखेरीस टॅब जमा करून अक्षदा बाहेर पडली.

पुसलं गेलेलं पुन्हा ऐकून घ्यावं म्हणून ती देवगावला गेली. आत्या लिंबाखाली भाकरी खात बसली होती. तिनं अर्धी भाकरी मोडून अक्षदाच्या हातावर ठेवली.

"आता काय राहिलं तुझं?" आत्या म्हणाली. "तुझ्या मॅडमला सांगितलं की समदं."

"कोणत्या मॅडमला?"

"अगं, गाडी आली व्हती. एक साहेब आन् एक पोरगी. पोरगी लई गुणाची, माझ्या पाया पडली. फोटू काढले मेंढरांचे. मी म्हणलं, मपली भाची लिहिती हे, तिलाच इचारा. तर साहेब म्हणले, तिनंच धाडलंय आम्हाला. मग मी कशाला राखून ठेवू? तू धाडलेलं माणूस."

आत्याच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. भाचीचं नाव एवढं मोठं झालं की तिच्या नावानं गाड्या येतात, असं त्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"धाडलं व्हतंस ना तू?"

"व्हय," अक्षदा म्हणाली. "मीच धाडलं."

मग तिनं कोकराचं विचारलं. आत्यानं सांगितलं, पण आधीसारखं नाही. दोनदा सांगून झालेलं तिसऱ्यांदा सांगताना माणूस जेवढं सांगतं तेवढंच. मेंढीला फसवायचं कसं, ते दोन वाक्यांत उरकलं. जिभेचा आवाज काढायला लागल्यावर तिला खोकला आला. "ऱ्हाऊ दे गं आता," ती म्हणाली, "तुमच्याकडं हाय ना लिहिलेलं."

पुस्तकाचं प्रकाशन जानेवारीत सिल्लोडला झालं. माहिती देणाऱ्या मेंढपाळांना मुद्दाम बोलावलं होतं, त्यात मुंजाबाही होते. सोबत कुणी तरी पाहिजे म्हणून त्यांनी अक्षदाला आणलं. धुतलेला फेटा बांधून ते पुढच्या ओळीत बसले. तिला यायचं नव्हतं. पण नको म्हणायचं तर सगळं सांगावं लागलं असतं, आणि अजून तिनं घरात काही सांगितलं नव्हतं.

पुस्तक देखणं होतं. मुखपृष्ठावर आत्याची मेंढरं होती. संपादक म्हणून श्रेयाचं नाव, आत सरांची प्रस्तावना. प्रत्येक नोंदीखाली ती सांगणाऱ्याचं नाव छापलेलं होतं. अक्षदानं चाऱ्याचं प्रकरण उघडलं. ओळ तिथंच होती, जशीच्या तशी. पाणी मिळालं की फुटव्यांवर मेंढरं घालायला हरकत नाही. आणि खाली : 'माहिती – मुंजाबा.'

व्यासपीठावर सत्कार चालू असतानाच मागून कुणीतरी मोठ्यानं वाचलं. दोन-तीन जण हसले. "का हो मुंजाबा," एक म्हातारा ओरडला, "अशी चारता व्हय तुम्ही मेंढरं? वाचली कशी मग आजवर?" हसणं सगळ्या सभागृहात पसरलं. मुंजाबांना काय छापलंय ते माहीत नव्हतं. ते गोंधळून मागं बघत राहिले.

अक्षदा उठून उभी राहिली.

"ती ओळ चुकीची आहे," ती मोठ्यानं म्हणाली. "आबांनी तसं सांगितलेलं नाही. कणीस निसवल्याशिवाय फुटव्यांवर मेंढरं घालू नका."

सुदर्शन सरांनी माइक हातात घेतला. ते अजिबात रागावले नव्हते. "अक्षदा, ही ओळ टिपून कुणी घेतली होती?"

सगळे तिच्याकडं बघत होते. मी बदलली होती, पण जतन झाली नाही. परवानगी काढून घेतली होती. मेल केला होता. हे सगळं तिच्या ओठांवर आलं. पण यातलं काय आणि कसं सांगायचं त्या फेटेवाल्यांना?

"मी," ती म्हणाली.

"बघा," सर म्हणाले, "म्हणूनच संपादन लागतं. तरीही एखादी चूक निसटते. तिनं ती मोठ्या मनानं कबूल केली. जोरदार टाळ्या होऊ द्या तिच्यासाठी."

टाळ्या झाल्या. चांगल्या जोरात झाल्या. अडीचशे पानांच्या त्या पुस्तकात तिच्या हातची म्हणून लोकांना कळलेली ओळ ती एकच.

बाहेर पायऱ्यांवर श्रेयानं तिला गाठलं. "मी बदललं होतं गं. शप्पथ. प्रेसला जुनीच फाइल गेली." अक्षदाला ते खरं वाटलं. खरं वाटून काही उपयोग नव्हता, म्हणून ती नुसती मान हलवून पुढं गेली.

परतीच्या बसमध्ये मुंजाबा खिडकीशी बसले होते. फेटा काढून त्यांनी मांडीवर ठेवला होता.

"काहून उठलीस?" फुलंब्री आल्यावर त्यांनी विचारलं.

"तुमच्या नावाखाली छापलं होतं, आबा. लोक हसत होते."

"हसू दे की. तिथल्या एकूण एक माणसाला ठाऊक हाय, मुंजाबा असं बोलणार नाय. हसले असते आन् चहाबरोबर इसरले असते. आता तुझं नाव घेतील. मुंजाबाची पोरगी चुकीचं लिहिती."

"मेंढरं मेली असती कुणाची तरी."

"कुणाची?" त्यांनी शांतपणे विचारलं. "पुस्तक उघडून मेंढरं चारतंय कोण?"

अक्षदानं उत्तर शोधलं. नवीन पोरं वाचतील, कॉलेजातली वाचतील, असं काहीबाही मनात आलं, पण त्या पोरांकडं मेंढरंच नव्हती. दोन वर्षं ती ज्यांच्यासाठी लिहिते असं धरून चालली होती, ती माणसं कोण होती, हे तिला आता नीटसं आठवेना.

"ते साहेब देवगावला तुझं नाव सांगून गेले व्हते ना?" थोड्या वेळानं मुंजाबा म्हणाले. म्हणजे त्यांना माहीत होतं. "तू धाडलं नव्हतंस."

"नाही."

"आत्याला नको सांगू. लई मान वाटतोय तिला."

"नाही सांगत."

त्यांनी डोळे मिटून मान मागं टेकवली. अक्षदाच्या पायाशी संस्थेनं दिलेला पुस्तकांचा गठ्ठा होता, गावात वाटायला म्हणून. बस खड्ड्यात आदळली की तो सरकत होता आणि ती पायानं त्याला अडवत होती. मुक्कामाला पोचेपर्यंत ती पुस्तकं कुणाला द्यायची, हे तिला काही सुचलं नाही.